तरंगती वाटी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक बोलका माणूस राहायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. म्हणूनच राजाच्या सभेत आपल्या वतीने बोलायला गावाने एकमताने त्यालाच पाठवलं.

गावाचं मागणं एकच होतं. ओढ्यावरचा साकव मोडून पडला होता आणि सुईण राहायची ओढ्यापलीकडे. अडलेल्या बाईसाठी तिला बोलवायचं कसं, ही गावाला काळजी. बोलक्याला तर जास्तच, कारण त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

सभेची एक रीत होती. प्रत्येक गावाची पाळी आली, की तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडत. वाटी बुडेपर्यंत गावाने विचारायचं आणि प्रधानाने उत्तर द्यायचं. वाटी बुडाली, की पाळी संपली.

पहिल्या सभेत बोलक्याने असं काही भाषण ठोकलं, की विचारू नका! ओढ्याचं वर्णन केलं, डोंगराचं केलं, पूर्वजांच्या पराक्रमाचंही केलं. सभा डोलली, वाटी बुडाली. त्याला हार घालून वाजतगाजत गावात आणलं. दुसऱ्या सभेतही तसंच झालं. हार तेवढा आणखी मोठा होता.

लेकीचे दिवस भरत आले, तशी म्हातारी सुईण चौकशीला म्हणून लुगडं खोचून, पाण्यातून धडपडत बोलक्याच्या घरी आली. येता येता दोनदा पडली.

"काय रे बाबा, भाषण झकास झालं म्हणे?"

"झालं की, मावशी! प्रधानजीसुद्धा टाळ्या वाजवत होते."

"मग साकवाचं काय म्हणाले ते?"

बोलक्याने आठवून पाहिलं. प्रधान काहीच म्हणाला नव्हता. "त्यांना बोलायला वेळच कुठे उरला, मावशी?"

"मग वाजवतीलच की टाळ्या!" म्हातारी ओला पदर पिळत म्हणाली.

त्या बोलण्याने बोलका मनातून फार ओशाळला.

तिसऱ्या सभेला त्याचं भाषण ऐकायला अख्खा गाव गाड्या जुंपून आला. त्याने नवा फेटा बांधला होता. फार सुंदर भाषण त्याच्या ओठांवर आलं होतं. वाटी पाण्यावर सोडली गेली. लोक कान टवकारून बसले. पण बोलक्याने एवढंच विचारलं, "प्रधानजी, आमच्या ओढ्यावर साकव कधी बांधणार?"

आणि तो खाली बसला.

सभेत खसखस पिकली. गावकऱ्यांनी शरमेने माना खाली घातल्या.

"अहो, बोला ना पुढे!" प्रधान घाईघाईने म्हणाला. "तुमचं बोलणं ऐकायला आम्ही आतुर आहोत."

"माझं झालं, प्रधानजी. आता तुम्ही बोला. वाटी अजून तरंगतेय."

प्रधानाने वाटीकडे पाहिलं. मेली बुडायचं नाव घेईना! "विचार चालू आहे," तो पुटपुटला.

"कोण करतंय विचार?"

प्रधानाने सुतारांच्या मुकादमाकडे बोट दाखवलं. मुकादम गडबडून उठला. "लाकूड केव्हाचं तयार आहे, महाराज. प्रधानजींचा हुकूम तेवढा मिळालेला नाही."

राजा पुढे झुकला. "मग हुकूम द्यायला हरकत कसली, प्रधानजी?"

हरकत काहीच नव्हती. आजवर कुणी उत्तरासाठी थांबलंच नव्हतं. भर सभेत प्रधानाला हुकूम द्यावा लागला आणि मगच वाटी बुडाली.

त्या दिवशी बोलक्याला हार मिळाला नाही. परतीच्या वाटेवर गावकरी त्याच्याशी धड बोललेही नाहीत. "एवढ्या लांब एक वाक्य ऐकायला आणलं होय रे?" असं एकाने तोंडावर विचारलं. त्याला वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सुतार आले आणि साकव उभा राहिला. थोड्याच दिवसांत एका पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. निरोप मिळताच म्हातारी सुईण कोरड्या पावलांनी साकवावरून चालत आली. उजाडताना घरातून बाळाचा टॅहां ऐकू आला. ओसरीवर बसलेल्या बोलक्याच्या डोळ्यांना धार लागली. बोलायला मात्र त्याला एक शब्द सुचेना.

तात्पर्य काय, तर लोकांसाठी बोलायला उभ्या राहिलेल्याने टाळ्या मिळाल्या का हे पाहू नये, उत्तर मिळालं का ते पाहावं.