धाकूने मीठ कोरडं ठेवलं

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गृहस्थ होता. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. घरच्यांना काळजी वाटायची ती याचीच.

त्याची बायको सुभद्रा हुशार होती. खाडीचं जाड मीठ आणून ती त्यात सुकवलेल्या गुलाबपाकळ्या, वाळ्याची भुकटी आणि संत्र्याच्या साली घालून न्हाणाचं मीठ करायची. कढत पाण्यात ते मूठभर टाकलं की अंगाचा शीण जातो, असं गावात सगळे म्हणत. त्यांची मुलगी शेवंती लग्नाची झाली होती. पलीकडच्या गावचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाची आई, द्वारकाबाई, तारीख पक्की करायला येणार होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे आणि या मिठाचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. तेव्हा सुभद्रेने ठरवलं, विहीणबाईंचे पाय या मिठात शेकायचे आणि रुखवतातही बरण्या भरभरून हेच मीठ मांडायचं. शेवंतीला मुलगा आवडला होता. ती तसं बोलली नव्हती, पण आईबरोबर दिवसभर न कंटाळता पाकळ्या निवडत बसली होती.

अडचण एकच होती. खाडीकाठची हवा दमट. मिठाला पाणी सुटायला वेळ लागत नाही.

सुभद्रेने मीठ सुपात पसरलं आणि धाकूला सांगितलं, "हे उन्हात ठेवा." धाकूने ठेवलं. ऊन सरकलं तसं त्यानेही सूप सरकवलं. सूर्य मावळला तेव्हा तो सूप तिथेच ठेवून घरात आला, कारण आत आणायला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री दव पडलं. सकाळी सुपात मिठाची ढेप होती.

सुभद्रेने कपाळाला हात लावला. मग ढेप फोडून मीठ कढईत भाजलं आणि त्याला समजावलं की वस्तू उघडी टाकायची नाही, बरणीत भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि वरून फडकं बांधायचं.

"एवढंच ना?" धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुभद्रेने भाकऱ्या भाजल्या आणि त्यांच्याकडे बघायला सांगून ती शेतावर गेली. धाकूने तव्यावरच्या गरम भाकऱ्या दुमडून बरणीत कोंबल्या, झाकण घट्ट लावलं आणि वरून फडकं बांधलं. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा भाकऱ्या वाटीने वाढाव्या लागल्या.

सुभद्रेने ताकाबरोबर तो लगदा गिळला आणि शांतपणे सांगितलं की गरम वस्तू लगेच कोंडली की तिला घाम फुटतो. आधी उघडं ठेवायचं, वाफ सगळी जाऊ द्यायची, थंड झालं की मग घट्ट बंद करायचं. मिठाचंही तसंच.

धाकूला ते पटलं.

त्याच आठवड्यात सुभद्रेचा भाऊ श्रीपत आला. त्याला सर्दी झाली होती. सुभद्रेने उकळत्या पाण्याचं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं, डोक्यावरून गोधडी घातली आणि त्याच्याजवळ धाकूला बसवलं. ती चुलीकडे वळताच धाकूने गोधडी काढली. श्रीपतने ती परत ओढली. धाकूने परत काढली, आणि पंख्याने वारा घालून सगळी वाफ घालवली. पाण्यात बोट घालून ते गार झाल्याची खात्री केली. मग श्रीपतला पातेल्यासकट गोधडीत गुंडाळून वरून सुंभाने बांधलं. श्रीपतची सर्दी छातीत उतरली. गावी गेल्यावर तो बरेच दिवस आठवण काढून खोकत होता.

इकडे बरणीच्या काचेला आतून पुन्हा थेंब दिसायला लागले होते. सुभद्रेने मीठ परत भाजलं, निवू दिलं आणि भरताना तांदळाची एक छोटी पुरचुंडी आत ठेवली. धाकू बघत होता. त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तांदूळ ओल ओढून घेतो. जिथे ओल दिसेल तिथे पुरचुंडी ठेवायची."

दोन घरं पलीकडे म्हादूच्या मुलीचं लग्न होतं. धाकू खिसे भरून पुरचुंड्या घेऊन गेला. पाठवणीच्या वेळी नवरी रडू लागली. धाकू पुढे झाला आणि तिच्या दोन्ही डोळ्यांवर एक एक पुरचुंडी दाबून उभा राहिला. नवरीच्या आईलाही हुंदका आला, तर तिच्या हातात दोन दिल्या. लोकांना वाटलं या अक्षताच असतील, म्हणून काहींनी टाळ्याही वाजवल्या. नवरदेव मात्र पुढे गाडीत बसून विचारत होता की बायको कुठे आहे, कारण तिला काही दिसतच नव्हतं आणि ती तुळशीवृंदावनाला वाकून नमस्कार करून सासूबाई म्हणून हाक मारत होती.

घरी येताना सुभद्रा तोंडाला पदर लावून चालत होती. ती हसते आहे की रडते आहे हे शेवंतीला कळेना. दारात पोचल्यावर ती म्हणाली, "अहो, रडणाऱ्या माणसाला तांदूळ नाही लागत. त्याच्याजवळ बसावं, पाठीवरून हात फिरवावा, चार शब्द बोलावेत."

धाकूला अपराधी वाटलं. तो न जेवता कोठीत गेला. कडेच्या बरणीला जरा पाणी सुटलेलं होतं. मीठ रडत होतं, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने नुकतेच हातपाय धुतले होते. त्याने झाकण काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मिठाला कुरवाळत चार शब्द बोलला. द्वारकाबाई स्वभावाने चांगल्या आहेत, घाबरू नकोस, असं त्याने मिठाला सांगितलं.

सुभद्रेने तिसऱ्यांदा कढई चढवली. या वेळी ती शब्द मोजून मापून बोलली. ओला हात घालायचा नाही, ओला चमचा घालायचा नाही, मिठाजवळ पाण्याचा थेंबसुद्धा येऊ द्यायचा नाही. आधी सगळं पुसून कोरडं करायचं, मगच मिठाची त्याच्याशी गाठ घालून द्यायची. धाकूने तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि पाठ केलं.

त्यानंतर बरण्या ठणठणीत राहिल्या. हलवल्या की खुळखुळ वाजत. सुभद्रेला पहिल्यांदाच बरं वाटलं.

द्वारकाबाई आल्या. त्यांना मागच्या पडवीत पाटावर बसवलं आणि पुढे घंगाळात सोसवेल इतकं कढत पाणी ओतलं. त्यांनी पाय आत सोडले आणि डोळे मिटले. सुभद्रा पुरणाकडे बघायला आत गेली आणि जाताना धाकूला म्हणाली की घंगाळात मीठ घाला.

धाकू बरणी घेऊन आला. बघतो तर घंगाळात काठोकाठ पाणी. वेळेवर आलो, असं त्याला वाटलं. त्याने विहीणबाईंचे पाय अदबीने उचलून बाजूला ठेवले. पाणी केळीला ओतलं. पंच्याने घंगाळ पुसलं, विहीणबाईंचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्याही पुसल्या. मग पाय परत घंगाळात ठेवून भोवती मीठ भरलं, घोट्यांच्या वरपर्यंत. द्वारकाबाई पाहुण्या होत्या. या घरची हीच रीत असेल, असं समजून त्यांनी पाय तसेच ठेवले.

पुरण शिजून, वाटून झाल्यावर सुभद्रा बाहेर आली. तिने घंगाळात पाहिलं. दाराआड शेवंतीने डोळे मिटून घेतले.

"पाणी कुठे गेलं?" सुभद्रेने विचारलं.

"मिठाला लागणार होतं," धाकू म्हणाला. "मी होतो म्हणून वाचलं."

द्वारकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पाटावरून कलंडल्या. पुन्हा कढत पाणी आणून ओतलं, पाय नीट शेकले, गुडघेदुखीला उतार पडला, आणि तारीखही पक्की झाली. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा फार गंभीर आहे. त्याला असाच सासरा पाहिजे."

शेवंतीने पुरणपोळीवर तूप जरा जास्तच वाढलं.

सगळे जेवून आडवे झाले तेव्हा धाकू सुभद्रेजवळ येऊन बसला. त्याचा गोंधळ उडाला होता. सुभद्रा आनंदात होती. तिने त्याला प्रेमाने समजावलं की हे मीठ इतकं जपायचं ते पाण्यासाठीच, शेवटी ते पाण्यातच घालायचं असतं.

"सगळं?" धाकूने विचारलं.

"सगळं," सुभद्रा जांभई देत म्हणाली आणि तिचा डोळा लागला.

सकाळी द्वारकाबाई निघायच्या तयारीत ओट्यावर बसल्या होत्या. शेवंतीने त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी एक घोट घेतला, तो तोंडात तसाच धरला आणि मोठ्या कष्टाने गिळला. जिभेवरची गुलाबाची पाकळी बोटाने काढून त्यांनी बशीच्या कडेला ठेवली.

"चहात काय घातलंय?" त्यांनी विचारलं.

"चहात काही नाही," धाकू समाधानाने म्हणाला. "मी विहिरीतच घातलंय."