थांबत थांबत चालणारा कॉम्प्युटर

एका तालुक्याच्या गावी नागेशराव सोमण नावाचे निवृत्त पोस्टमास्तर राहत. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्यामुळे घरात ते आणि त्यांची सून वृषाली अशी दोनच माणसं. कॉम्प्युटरही एकच, आणि तो नागेशरावांचा जीव की प्राण. सकाळी अर्धा तास ते त्यावर बातम्या वाचत, पत्ते खेळत. मग वृषाली बसे. परदेशात वाढणाऱ्या तीन मुलांना ती मराठी शिकवी. तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकुलतं एक काम होतं.

दिवाळीच्या सुमारास कॉम्प्युटरला काय झालं कोण जाणे. चालता चालता तो मध्येच थिजे. बाण हलेना, अक्षर उमटेना, शिकणारी मुलं पडद्यावर तोंड उघडं ठेवून तशीच थांबत. दहा-पंधरा सेकंदांनी, काही झालंच नाही अशा थाटात, तो पुन्हा चालू होई. पूर्ण बंद पडला असता तर निदान बिघडला असं तरी म्हणता आलं असतं!

नागेशरावांनी चौघांना विचारलं आणि त्यांना चार उत्तरं मिळाली. शेजारी म्हणाले, व्हायरस. मेहुणे म्हणाले, विजेचा दाब कमी. वाचनालयातले गृहस्थ म्हणाले, फाइली फार झाल्या. चौथ्याने तर टेबलाची दिशाच बदलायला सांगितली. नागेशरावांनी एकाच दिवशी सगळं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर कमी थांबला, तिसऱ्या दिवशी जास्त. आता कशाने सुधारला आणि कशाने बिघडला, हे कळायला मार्गच उरला नाही. त्यांचं डोकं चक्रावून गेलं.

मग एके दिवशी त्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"वृषाली, मी बसतो तेव्हा हा शहाण्यासारखा चालतो. तू बसलीस की अडतो. तूच काहीतरी भलतं दाबतेस."

"बाबा, मी काय वेगळं दाबणार? एकदा कुणाला तरी उघडून दाखवू या ना."

"उघडायचं कशाला? तुझा वर्ग बंद ठेव, आपोआप ताळ्यावर येईल."

वर्ग बंद झाला. नागेशराव आता मनसोक्त दोन-दोन तास बसू लागले. आणि तासाभरातच कॉम्प्युटर थिजला! दुसऱ्या दिवशीही तेच. वृषाली तर खोलीत पाऊलही टाकत नव्हती. नागेशराव पुरते बुचकळ्यात पडले. शेवटी त्यांनी एसटी स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातून रेश्मा मुजावरला बोलावलं.

रेश्माने कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला. आत हळदी-कुंकवाचा थर होता, अक्षता विखुरल्या होत्या आणि पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या.

"काका, पंखाच फिरत नाहीये नीट. सुरुवातीला मशीन चालतं. तासाभराने तापतं, मग दम खायला थांबतं. कुणीही बसलं तरी थांबणारच. पण हे सगळं आत गेलं कसं?"

नागेशरावांना दसरा आठवला. कॉम्प्युटरची पूजा त्यांनी वृषालीला हातही लावू न देता स्वतः साग्रसंगीत केली होती. वरच्या जाळीवर अक्षता टाकल्या होत्या, झेंडू कुस्करून वाहिला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वृषाली स्वयंपाकघरात चहा टाकत होती. 'कुणास ठाऊक, जुना कचरा असेल,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेही होते.

तेवढ्यात वृषाली कप घेऊन बाहेर आली. "काय निघालं, बाबा?"

नागेशरावांनी उघड्या डब्याकडे बोट केलं. "माझी दसऱ्याची पूजा निघाली. चूक माझी होती आणि आळ मी तुझ्यावर घेतला."

वृषालीने कप खाली ठेवला. "मशीन बिघडलं त्याचं काही नाही. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत, ते फार लागलं."

त्याच दिवशी नागेशरावांनी तिन्ही घरी स्वतः फोन केले आणि वर्ग आपल्यामुळे बंद पडला होता, असं सांगितलं. दोन मुलं सोमवारी परत आली. तिसऱ्या मुलीच्या आईने मात्र तिच्यासाठी दुसऱ्या बाई शोधल्या होत्या. हे वृषालीला सांगताना नागेशरावांना तिच्याकडे बघवेना.

तात्पर्य: बिघाड कशात आहे हे पाहिल्याशिवाय तो कुणामुळे झाला हे ठरवू नये. खोटा आळ मागे घेता येतो, पण त्याने झालेलं सगळं नुकसान भरून येतंच असं नाही.