उलटी वटवाघळं, सुलटे प्रवासी

माणसानं उडायचं मनावर घेतलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या तळ्यावर मुंगूसशेठ विमानसेवा चालवायचे. करकोच्यांच्या पाठीवर बसून उंदीर, घुशी, चिचुंद्र्या पलीकडच्या काठाला जायच्या. करकोच्यांना खोड एकच होती. खाली मासा दिसला की ते सूर मारायचे आणि प्रवासी नखशिखान्त भिजायचे.

तक्रारी ऐकून शेठ वैतागले होते. तेवढ्यात वटवाघळांचा म्होरक्या आला. "आम्ही फळं खातो, शेठ. माशाकडे ढुंकूनही बघत नाही."

शेठनी त्याच दिवशी करकोच्यांना घरी पाठवलं.

पहिलं उड्डाण इतकं झोकात झालं की म्हातारी चिचुंद्री वाटेत डुलक्या काढू लागली. शेठ स्वागताला पलीकडे उभेच होते. वटवाघळानं सवयीप्रमाणे उंबराची फांदी पकडली आणि ते उलटं लटकलं. चिचुंद्री थेट चिखलात.

"हे काय?" शेठनी विचारलं.

"उतरवलं की," वटवाघूळ म्हणालं.

करकोच्यांना परत बोलवायचं तर शेठची मान खाली गेली असती. त्यांनी जाहीर केलं, "वटवाघळांत काही खोट नाही. प्रवाशांनाच लटकता येत नाही. उद्यापासून शिकवणी."

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः फांदीला उलटे लटकून धडे देऊ लागले. वाळलेला चिखल झटकत चिचुंद्री तळ्याला वळसा घालून पायी निघाली आणि तिच्यामागे सगळेच निघाले. शेठना मात्र सगळं उलटं दिसत होतं.

"बघा," ते शेजारच्या वटवाघळाला म्हणाले, "कशी रांग लागलीय आपल्याकडे."