ठकूआजींचं सूप

"मग माझं कमी कुठं पडलं, बाबा?"

उत्तरा दारातच उभी होती. साठ ताटं घासून ती तशीच आली होती. हातांना अजून राख होती.

गुरुपौर्णिमा चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी अच्युतबाबा एखाद्याला अनुग्रह देत, आपला शिष्य म्हणून पदरात घेत. यंदा आपलाच नंबर, अशी उत्तरानं मनाशी खूणगाठ बांधली होती. शहरातली नोकरी सोडून ती नीरेकाठच्या या मठात आली, त्याला दोन वर्षं झाली होती. पहाटे झाडलोट, दुपारी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची पंगत, मग आजाऱ्यांचे कपडे धुणं. तिचा हात रिकामा कुणी पाहिला नव्हता.

आणि आज सकाळी बाबा सहज म्हणाले होते, "यंदा नको."

बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ठकूबाई आठ दिवस पंगतीला आल्या नाहीत."

"मी डबा पाठवला होता."

"परत आला."

"आजारी असतील. औषध देऊन येते."

"औषध राहू दे. विचारून ये."

उत्तरा निघाली. वाटभर ती धुसफुसत होती. ठकूआजींसाठी तिनं काय कमी केलं होतं? आजी रोज पंगतीच्या आधी येत आणि ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत. डोळे अधू झालेले. निम्मे खडे तसेच राहायचे. उत्तरा गेले काही महिने तेच तांदूळ त्यांच्यामागे गुपचूप पुन्हा निवडत होती. शेवटी गेल्या आठवड्यात तिनं त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं. अगदी प्रेमानं.

"आजी, खूप केलंत. आता नुसतं बसायचं. मी करते."

ठकूआजी आपल्या घराच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आजी, जेवायला का येत नाही?"

"घरी जेवते की. सून वाढती."

"मग इतकी वर्षं मठात कशाला येत होतात?"

आजी हसल्या. तोंडात दात नव्हतेच.

"शिकल्याली ना गं तू? घरात सून म्हणती, बसा. मठात तू म्हणतीस, बसा. अगं पोरी, नुसतं बसायचंच झालं तर नदीपल्याड मसणात जागा हाय की. तिथं कुणी उठवत बी न्हाई."

उत्तरानं कपाळावरचा घाम पुसला.

"पाणी देते थांब," म्हणत आजी भिंत चाचपत उठू लागल्या.

"नको, नको! तुम्ही उठू नका."

आजी होत्या तशा खाली बसल्या.

उत्तरा परतली ती चिखलातून भराभरा चालत. मठात आल्यापासून तिनं चपला सोडल्या होत्या. बाबांना तिनं सगळं सांगितलं. आवाज खाली आला होता, पण वाद अजून संपला नव्हता.

"पण बाबा, तांदळात खडे राहायचे."

"राहायचे."

"तुम्हांला ठाऊक होतं?"

बाबांनी तोंड उघडून दाखवलं. खालची एक दाढ निम्मी तुटलेली होती.

"अकरा वर्षं खातोय."

"आणि बोलला नाहीत?"

"भात चांगला असायचा."

...

उत्तरा ओट्यापाशी जाऊन आजींचं सूप झटकून आली. मग म्हणाली, "उद्या त्यांचं सूप त्यांच्या हातात नेऊन देते. माफी मागते. पण मग मी काय करायचं, बाबा? लोकांसाठी राबायचं नाही, तर सेवा म्हणायची तरी कशाला?"

बाबा तिच्या पायाकडे बघत होते.

"लंगडतेस का?"

"काही नाही. येताना बाभळीचा काटा गेला. मी काढते."

बाबांनी कफनीला लावलेली सेफ्टी पिन काढली आणि उघडली.

"पाय पुढं कर."

उत्तरा दोन पावलं मागे सरली. "अहो बाबा! तुम्ही माझ्या पायाला हात लावणार? पाप लागेल मला. द्या ती पिन इकडे."

बाबांनी पिन दिली नाही. एका हातात पिन, दुसरा हात पुढं पसरलेला... ते तसेच बसून राहिले.

अंगणातल्या दगडी डोणीवर कावळा आला, पाणी प्याला, उडून गेला. बाबांचा हात तसाच.

उत्तराच्या ओठांवर पुन्हा "मी करते" आलं. तिनं ते गिळलं. खाली बसली आणि मान खाली घालून पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. दोन वर्षांत एवढं अवघड काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा टोचू लागले. काटा टाचेत होता. बाबा अंगठ्याखाली कोरत होते.

तिचा हात आपोआप पुढं झाला. तिनं तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा... अनुग्रहाचं?"

"हा निघाला की बघू," बाबा म्हणाले. "जरा वेळ लागेल. मला अलीकडे जवळचं दिसत नाही."