चिलटांचे वावडे असलेली घोडी

"अंगाला चिखल फासून टेकडीवर उभी राहतेस, आणि वर विचारतेस माझं काय चुकलं?" कळपाचा म्हातारा पुढारी घोडा म्हणाला. "आपण घोडे आहोत. चिखलात म्हशी लोळतात."

"लोळतात खऱ्या," तांबडी घोडी म्हणाली, "आणि त्यांच्या अंगावर ओरखडा नसतो, तेही बघा जरा, आजोबा."

"उलट बोलू नकोस. दिवस कलला की सगळ्यांनी मिळून तळ्यावर जायचं, अंधार पडेपर्यंत पाण्याकाठी थांबायचं, ही आपली रीत. पाळायची नसेल तर शिंगरू घे आणि वाट धर."

सगळा कळप पुढाऱ्यामागोमाग टेकडी चढून आला होता. घोडीचे शिंगरू आईच्या पोटाखाली शिरले. पलीकडच्या घळीत लांडगे होते, आणि कळपाबाहेर पडलेल्या शिंगराचे काय होते हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते.

आता हे भांडण लागले कशावरून, ते ऐका. टेकडीखालच्या माळावर हा कळप पिढ्यान्‌पिढ्या राहत असे. पावसाळा आला की दरवर्षी तांबड्या घोडीला खाज सुटे. बाभळीच्या खोडाला मान घासून घासून तिची आयाळ झडली, शेपटीच्या मुळाशी कातडे सोलवटून निघाले. चरण्याचे भान नाही, शिंगराला पाजण्याचे भान नाही. बिचारे शिंगरू हाडे मोजावीत असे झाले.

"खरूज दिसते," एक गोरीगोमटी पांढरी घोडी म्हणाली. "लांब उभी राहा गं बाई."

शिंगरू रोज आईच्याच मानेला मान लावून झोपे आणि त्याच्या अंगावर साधी पुळीही नव्हती. पण हे बघायचे कोणी? बोलायला तोंड पुरते, बघायला कष्ट पडतात.

पुढाऱ्याने मात्र उपाय सांगितला. "आग होते ना अंगाची? मग तळ्यात जास्त वेळ उभी राहा. गार वाटेल." घोडीने मुकाट्याने ऐकले. तळ्याकाठी कळपाच्या शेपट्या पंख्यासारख्या फिरत असत, कान फडफडत, पाय आपटत. इतर निघाले तरी ही गुडघाभर पाण्यात तशीच. सकाळी खाज आणखी वाढलेली. खाज वाढली म्हणून ती तळ्यात जास्त वेळ थांबे, आणि जास्त वेळ थांबली म्हणून खाज वाढे.

शेजारच्या डबक्यात बसून एक म्हातारी म्हैस हे सगळे बघत होती. शेवटी तिला राहवले नाही.

"अगं शहाणे, ज्यांनी तुझं अंग फोडून काढलं त्यांच्याच घरी रोज पाहुणी जातेस होय?"

"कोणाच्या घरी, मावशी?"

"चिलटांच्या. दिवस मावळला, वारा पडला की या साचलेल्या पाण्यावर त्यांचे थवे उठतात. चावतात सगळ्यांनाच. पण तुझ्या अंगाला त्यांचं वावडं आहे. एवढंसं चावलं तरी कातडी पेटते तुझी. खरूज नव्हे ती, कोणाला लागायची नाही."

"मग करू काय मी?"

"पाण्यावर दुपारी ये, ऊन असताना. दिवस कलायच्या आत टेकडी गाठ. वर वारा असतो, आणि वाऱ्यापुढे चिलटाचं काही चालत नाही, जीव तो केवढा. मानेला नि शेपटीला चिखलाचा जाड थर असू दे. आणि एक सांगून ठेवते, वावडं असं कायमचं जात नाही. दर पावसाळ्यात हे करावं लागेल. कंटाळलीस की आहेच तुझी बाभूळ."

मुलांनो, तुमच्याही घरात कोणाला वांगे खाल्ले की ओठ सुजत असतील. बाकीचे ताटभर खातात म्हणून त्याला कोणी आग्रहाने वाढते का? घोडीने म्हशीचे ऐकले. कळप फिदीफिदी हसला. "आली बघा म्हशीची लेक," असे टोमणे झाले. ती हसणाऱ्यांना हसू देऊन चिखलात लोळत राहिली. हळूहळू जखमा भरल्या. मानेवर ब्रशसारखे ताठ नवे केस आले. ती पोटभर चरू लागली, दूध वाढले, आणि शिंगरू गुबगुबीत होऊन माळभर उधळू लागले. नेमके हेच पुढाऱ्याला खुपले. आपला उपाय सोडून ही बरी झालीच कशी?

"मग काय ठरलं?" त्याने पुन्हा विचारले. "खाली येतेस की जातेस?"

"जरा नमतं घे गं," पांढरी घोडी म्हणाली. "तळं काय खातंय तुला?"

"खातंयच की," तांबडी घोडी म्हणाली.

तिने सगळ्यांकडे नजर फिरवली. खाली तळे काळपट दिसू लागले होते. टेकडीवर मस्त वारा सुटला होता आणि गवत एका अंगाला झुकले होते. कळप कान टवकारून, पाय रोवून, शांत उभा होता. तिला हसू आले. आवाज न चढवता ती पुढाऱ्याला म्हणाली,

"आजोबा, एवढा वेळ भांडतोय आपण, दिवससुद्धा मावळला, पण वर आल्यापासून तुमची शेपटी एकदाही हलली नाही."

तात्पर्य : सगळ्यांना सोसते ते एखाद्याला सोसत नाही. त्याला नावे ठेवण्याआधी त्रास कशाने होतो ते नीट बघावे, आणि उपाय सापडला की कोणी हसले तरी तो सोडू नये.