मिशांवरची तीन कडवी

बाळांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट रानात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. पिल्ले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. त्याने आणले तर जेवण, नाही तर उपास.

हा धनेश मनाने वाईट नव्हता, पण आपल्या आवाजाचा त्याला फार अभिमान. उंबरावर एक म्हातारे शेकरू येई, त्याला तो "ऊठ, हे झाड माझं!" असे ओरडून हाकलून लावी. एके दिवशी साळुंकी सांगत आली, "वाघोबा गादीवर बसतायत. त्यांच्यावर सुरेख गाणं रचील, तो दरबाराचा गवई!" धनेश ढोलीशी गेला. "अगं, संध्याकाळपर्यंत येतो." आतून ती म्हणाली, "या. पण पिल्लं कालच अंड्यातून बाहेर आलीत, तेवढं ध्यानात ठेवा."

वाघाच्या शेपटीला वीज म्हणावे की नदी, यातच त्याचा पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दरबारातला कोल्हा म्हणाला, "बुवा, मिशांवर काहीच नाही?" मग मिशांवर तीन कडवी झाली. चौथ्या दिवशी त्याची पाळी आली. डोळे मिटून तो अगदी तल्लीन होऊन गायला. डोळे उघडले तो गादीवर दुसराच वाघ! पहिला त्याच्याशी हरून केव्हाच पळाला होता. कोल्हा कानाशी लागला, "गाणं तेच ठेवा, नाव तेवढं बदला. आणि शेपटीचं कडवं गाळा, यांची तुटकी आहे. घ्या, घसा कोरडा पडला असेल." त्याने एक उंबर पुढे केले. ते चोचीत धरताच धनेशाला ढोलीची फट आठवली. चार दिवस!

तो जीव खाऊन उडाला. फटीतून चोच दिसेना. चोचीतले उंबर फांदीवर ठेवून त्याने ढोलीवर टकटक केली. मग हळूच चोच बाहेर आली. "सावकाश हो, पिल्लं आत्ताच निजलीत. आणि जेवण झालंय आमचं. आजोबांनी भरवलं."

खालच्या फांदीवर ते म्हातारे शेकरू बसले होते.

"आजोबा, मी तर तुम्हाला हाकलत होतो," धनेश म्हणाला.

"हो. आवाज मोठाच आहे तुमचा," शेकरू म्हणाले. "पण भुकेल्या पिल्लांचा त्याहून मोठा. माझ्या घरट्यापर्यंत येत होता."

धनेशाने फांदीवरचे उंबर उचलून शेकरूपुढे ठेवले आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी साळुंकी पुन्हा आली. "बुवा, नव्या राजांनी बोलावलंय!" धनेश ढोलीच्या फटीशी बसला होता. त्याच्या चोचीत फळ होते, त्यामुळे त्याला उत्तर देता आले नाही. पलीकडे उंबरावर शेकरू निवांत बसून खात होते.

तात्पर्य : ज्यांच्या शाबासकीसाठी आपण झिजतो, ते आपले गाणे संपेपर्यंतही टिकत नाहीत. आपल्यामागे ज्यांनी आपले घर सांभाळले, त्यांची आठवण आधी ठेवावी.