पाहुण्यांचं मानधन

बार्शीच्या व्यापारी संघाकडे आजारपणाचा निधी होता. कुणा दुकानदाराला अचानक दवाखाना लागला, की त्यातून मदत व्हायची. तो सगळा निधी क्रिप्टोत घाला, असं सांगायला पुण्याहून कीर्तिराज सबनीस आले होते.

सबनीस मोठ्या ऐटीत बोलत होते. "कार्ड स्वाइप झालं की बाहेरची कंपनी तुमच्या विक्रीतला हिस्सा कापते. यूपीआय फुकट आहे, पण त्याची दोरी सरकारच्या हाती. आमच्या नाण्याला मालकच नाही! रुपयाचे दिवस भरले, असं समजा."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष दोशीशेठ ठराव मांडायला उठले, तेवढ्यात अत्तराचं दुकान चालवणाऱ्या नफिसाभाभी म्हणाल्या, "शेठ, आधी पाहुण्यांचं मानधन देऊ या. साहेब, तुमच्याच नाण्यात देतो."

"छे छे, यूपीआय करा," सबनीस घाईघाईने म्हणाले. "ऑफिसचं भाडं, माणसांचे पगार, सगळं रुपयांतच द्यावं लागतं. महिनाअखेरीला नाण्याचा भाव काय असेल, कोण सांगणार?"

"खरं आहे," भाभी म्हणाल्या. "आजारपणसुद्धा भाव बघून येत नाही, साहेब."

दोशीशेठांनी फोन काढून मानधन पाठवलं आणि ठराव न मांडताच सभा संपवली.

बाहेर चहा घेताना सबनीस हळूच म्हणाले, "भाभी, नाणं तितकं वाईट नाही हो."

"नसेलही," भाभी म्हणाल्या. "पण ते स्वतःच्या पैशानं पारखावं. हा पैसा आजाऱ्यांचा आहे."